करंजकोंडचा मेल सर्व्हर आणि ठकूबाईचा अर्ज

॥ वाघजाई प्रसन्न ॥

पोलादपूर, सोमवार, वैशाख वद्य पंचमी

करंजकोंडच्या, पण मुंबईत राहणाऱ्या आणि गावाकडून आलेले पत्र न उघडता बाजूला सारणाऱ्या तमाम बंधू-भगिनींनो, आणि त्यांतल्या त्यात चि. हर्षद,

(हे पत्र तुला एकट्याला आहे. पण ज्या माणसाने चाळीस वर्षे समोर पन्नास डोकी असल्याशिवाय तोंड उघडले नाही, त्याला एकट्यादुकट्याशी बोलणे जमत नाही. तेव्हा वाचताना तू स्वतःला पन्नास समज आणि मधूनमधून मान हलव.)

तुम्हा सर्वांस या रावजीकाकाचे आशीर्वाद. तुमची आणि माझी जी एक समाईक तक्रार आहे ती आरंभीच मांडतो. आपल्या वाडीचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही. रस्ता मागितला, ऐकले नाही. शाळेला दुसरा मास्तर मागितला, होता तोही गेला. पण पूर्वी न ऐकणारा माणूस निदान समोर दिसायचा, त्याच्या टेबलावर मूठ आपटता यायची. आता आपले पत्र येथून निघते, तारेतून जाते आणि पलीकडचे एक यंत्र ते न वाचता पाऊण सेकंदात परत पाठवते. इतक्या तत्परतेने आपल्या वाडीचे कोणतेच काम आजवर झालेले नव्हते.

तुझी कंबर कशी आहे? तुमच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली का, की सौ. सेजल अजून सहा जिने चढते? येथे मी व तुझी काकू मंजुळा खुशाल आहोत, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तिचे गुडघे आणि माझे मन एवढे वगळले तर खुशाल आहोत. ऊन भयंकर आहे. सावित्रीच्या पात्रात नुसते गोटे दिसतात. आणि तरीही मला पावसाची भीती वाटते, ती का ते पुढे येईलच.

तू सारिकाला फोनवर म्हणालास की काकांना जे हवे ते त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून मागावे. (सारिका म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारी. आपल्या ग्रामविकास मंडळाच्या सर्व्हरकडे तीच बघते, आणि माझ्याकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मी शाळेत ढ मुलांकडे बघताना माझ्या चेहऱ्यावर असायचा.) हर्षद, मी आयुष्यात मागण्या पुष्कळ केल्या, पण कोणाकडे काही मागितले नाही. माझा फोन तू शिमग्याच्या सभेपासून उचलत नाहीस. त्या सभेत तू उठून म्हणालास की हा सर्व्हर बंद करा आणि चारचौघांसारखी फुकटातली मेल वापरा. त्यावर मी म्हणालो, की ज्याला आपल्या गावाचा पत्ता परक्याच्या वखारीत ठेवायचा आहे त्याने आपले आडनावही तिथेच ठेवून यावे. वाक्य चांगले होते. टाळ्याही पडल्या. (अकरा माणसे होती, त्यांत आठ झोपलेली, म्हणजे तिघांच्या टाळ्या. पण पडल्या.) ते वाक्य मी मागे घेणार नाही. मात्र ते बोलताना तुझ्या आईकडे बघायला नको होते, एवढे कबूल करतो.

आता मूळ गोष्ट. आपल्या वाडीत एकेचाळीस घरे, त्यांतली सत्तावीस तुम्हा मुंबईकरांची, कुलूपबंद. नांदती घरे चौदा. सर्वांत वरचे घर ठकूबाईचे, तुझ्या आजीच्या बरोबरीने आवणीला, भाताच्या लावणीला, जायची ती. दोन वर्षांपूर्वीच्या पावसात तिच्या घरामागचा डोंगर बांधापर्यंत खाली आला आणि तिथे टेकून थांबला. वर एक भेग राहिली. तेव्हा तिच्यात माणसाचे पाऊल जाई, आता बकरीचे करडू जाते. धोक्यातली घरे खाली सपाटीला हलवायचे सरकारात ठरले. पाहणीला माणसे आली त्या दिवशी ठकूबाई महाडजवळच्या नाते गावी गेलेली, नातीचे बाळंतपण करायला. दाराला कुलूप दिसले. कागदावर शेरा पडला: 'बंद घर, वास्तव्य नाही.' यादी लागली तेव्हा तिच्यात तेरा घरे. म्हणजे पाऊस लागायच्या आत तेरा घरे खाली जाणार, आणि त्या भेगेखाली ठकूबाई एकटी राहणार. वय चौऱ्याहत्तर. हरकत नोंदवायची मुदत येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

तू म्हणशील, कोणाच्याही मोबाईलवरून अर्ज पाठवा, नाहीतर हातात नेऊन द्या. नेला. स्वतः नेला. कचेरीतल्या बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिले, आणि माझ्याच सहीचा एक कागद माझ्यापुढे ठेवला. गेल्या वर्षीच्या सुनावणीत मी गर्जना केली होती की करंजकोंडचे म्हणणे फक्त करंजकोंडच्या स्वतःच्या पत्त्यावरून येईल, अन्य कोणत्याही मार्गाने आलेला कागद ग्राह्य धरू नये, आणि हे इतिवृत्तात लिहून घ्या. त्यांनी लिहून घेतले. (माझे सांगणे कोणी अक्षरशः लिहून घेण्याची ती आयुष्यातली एकमेव वेळ.) ते बदलायचे तर मंडळाची सर्वसाधारण सभा हवी, आणि सभेला एकवीस दिवसांची सूचना हवी. तो नियमही मीच केलेला आहे.

तर पत्र आपल्याच पत्त्यावरून जायला हवे, आणि आपल्या पत्त्याला जगाने वाळीत टाकले आहे. ते कसे झाले हे तू सारिकाकडून ऐकले असशील, पण तिच्या सांगण्यात तत्त्वाची बाजू येत नाही.

गणपतीत तू तो सर्व्हर आमच्या पुढच्या खोलीत बसवून दिलास आणि जाताना कागद चिकटवलास: 'काका, या ओळीला हात लावू नका.' मला कोणी हात लावू नको म्हटले की माझा हात आपोआप पुढे जातो. हा स्वभाव नव्हे, हे या तालुक्याचे पाणी आहे. मी ती ओळ वाचली. तिचा अर्थ असा, की फक्त आपल्या माणसांची पत्रे पुढे न्यायची, परक्याने आणलेले पत्र नाकारायचे. हर्षद, शेजारच्या महाडात माणसांना तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि येथे पोलादपुरात, माझ्या घरात, 'फक्त आपल्या माणसांसाठी' अशी पाटी? दिवाळी होईपर्यंत मी ती ओळ कशीबशी सहन केली.

शिवाय आपल्या वाडीचा नियम तू विसरलास. जो खाली उतरतो तो सगळ्यांचे घेऊन उतरतो. पिशवीत काय आहे ते विचारायचे नाही, कोणाची आहे तेही विचारायचे नाही, ज्याची त्याला पोचवायची. रस्ता नव्हता तेव्हा औषधाची चिठ्ठी, लग्नाचा निरोप, मयताची खबर, सगळे या एका नियमावर खाली गेले. तुझा बाप कॉलेजात होता तेव्हा त्याच्या भाकऱ्या रोज वेगळ्या माणसाच्या डोक्यावरून पोलादपुरात यायच्या आणि कधी एक भाकरी कमी भरली नाही. ज्या वाडीने कोणाचा निरोप कधी अडवला नाही, तिचा सर्व्हर लोकांना दारातून परत पाठवणार? मी ओळ पुसली आणि लिहिले, की कोणीही यावे, कोणाच्याही नावे पत्र द्यावे, आम्ही पोचते करू. तुझी काकू दारात उभी होती. म्हणाली, "घराखाली गिरणी, तरी दळणाचा डबा कधी उचलला नाय. नि आता जगाची पत्रं पोचवायला निघाले!"

आपल्या वाडीपर्यंत यायला डांबराला चाळीस वर्षे लागली. जगातल्या चोरांना तिचा पत्ता सापडायला तीन दिवस पुरले. चौथ्या दिवशी सर्व्हरचा पंखा असा घरघरू लागला की खालचा गिरणीवाला आपली मोटर जळाली समजून पट्टा काढून बसला. (त्या पंख्यात तांदळाचे पीठ निघाले, पावशेर तरी असेल. त्याला मात्र मी जबाबदार नाही.) 'श्री वाघजाई ग्रामविकास मंडळ, करंजकोंड' या नावाने त्या चार दिवसांत चार लाख पत्रे गेली. वजन उतरवायच्या गोळ्या, लागलेली लॉटरी, कुठल्याशा मृत राजपुत्राची अडकलेली इस्टेट, आणि काही अशी औषधे की त्यांची नावे सारिकाने मला वाचून दाखवली नाहीत. उत्तरेही आली! वाडीच्या पन्नास वर्षांच्या पत्रव्यवहारात इतकी उत्तरे आली नव्हती. एका परदेशी गृहस्थाने अगदी अदबीने विचारले होते की डॉक्टर वाघजाई यांची भेट कधी मिळेल. सारिकाने ती ओळ पूर्ववत केली आणि म्हणाली, "सर, तुम्ही दार उघडं ठेवलं नाहीत, दारच काढून चोरांना दिलंत."

तरी गळती चालूच राहिली, कारण पासवर्ड. सर्व त्रेचाळीस खात्यांना मी एकच पासवर्ड ठेवला होता, देवीचे नाव आणि पुढे एक-दोन-तीन. म्हाताऱ्या माणसांनी विसरू नये म्हणून गणपतीत आरतीनंतर तो मी स्पीकरवरून तीनदा जाहीरही केला होता. सारिकाने डोक्याला हात लावला. मी तिला सांगितले की लपवाछपवी करणे हे चोरांचे काम आहे, आपण चोर नाही. ती म्हणाली, "हो सर, चोरांनाही तेच बरं पडलं." आता प्रत्येकाला सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड आहे, ज्याला ना अर्थ ना यमक. माझा मला पाठ होत नाही म्हणून काकूने तो हळदीच्या डब्याच्या झाकणाला आतून लिहून ठेवला आहे.

येथपर्यंत हसण्यासारखे आहे, तू हसलाही असशील. पुढचे हसण्यासारखे नाही.

शिमग्याच्या सभेत तू मला जे बोललास त्याने मी इरेला पेटलो. म्हटले, उघडे ठेवले तर जग लुटते, मग दाखवतोच बंदोबस्त. सारिका माहेरी गेली होती. येणाऱ्या पत्रांना मी स्वतः चाळण लावली. फसव्या पत्रांत कोणते शब्द असतात याचा अभ्यास केला (चार दिवस, चष्म्याचा नंबर वाढेपर्यंत) आणि यादी दिली: तातडीचे, अंतिम, संधी, लाभार्थी, विनामूल्य. ज्या पत्रात यांतले दोन शब्द असतील ते थेट कचऱ्यात. चाळण उत्तम चालली. महिनाभर एकही फसवे पत्र आले नाही. खरे म्हणजे कोणतेच पत्र आले नाही. आणि मी तुझ्या काकूला म्हणालो की बघ, शांतता म्हणतात ती ही.

त्या शांततेत एक पत्र आले होते. त्याचा विषय होता: 'लाभार्थी यादीवरील हरकतींसाठी अंतिम संधी, तातडीचे.' पाचांतले चार शब्द एका ओळीत. माझ्या चाळणीला जणू तेच पत्र नेमून दिले होते. पंधरा दिवसांच्या मुदतीतले नऊ दिवस ते कचऱ्यात पडून होते. त्या नऊ दिवसांत ठकूबाई दोनदा जीपने खाली आली, आमच्या जिन्यावर बसली, "काय कागद आला का रे रावजी?" म्हणून विचारून गेली, आणि दोन्ही वेळा मी तिला छातीठोक सांगितले की काही आलेले नाही.

सारिका परतली, कचरा उपसला, पत्र सापडले. आम्ही भेगेचे फोटो, रेशनकार्ड, विजेची बिले, नातीच्या बाळंतपणाचा दाखला, सगळे जोडून अर्ज पाठवला. पाऊण सेकंदात परत. कारण परदेशातली एक संस्था (नाव लिहीत नाही, तीही आपले नाव घेत नाही) वाईट पत्त्यांची काळी यादी ठेवते, आणि त्या यादीत आपले करंजकोंड आहे. दोनशे वर्षांत या वाडीवर चोरीचा एक गुन्हा नाही. आज जगातल्या सगळ्या दरवाजांवर तिचे नाव चोर म्हणून लावलेले आहे, आणि ते मी लावले आहे. रात्रंदिवस हेच डोक्यात असते. भाषण करायला तोंड उघडले की आधी ती भेग दिसते.

आता जे करण्यासारखे होते ते सारिकाने केले आहे. चाळण काढली, दार लावले, पासवर्ड बदलले. यादीतून नाव काढायचा एक फॉर्म असतो, तो डोमेनच्या, म्हणजे आपल्या पत्त्याच्या, मालकानेच भरायचा, आणि डोमेन तुझ्या नावावर आहे. फॉर्म गेल्यापासून नाव निघायला दोन दिवस लागतात असे ती म्हणते. तेव्हा तो तू बुधवारी दुपारी बाराच्या आत भरावास. हे मागणे नव्हे, ही मागणी आहे, आणि ती न्याय्य आहे. झाल्या प्रकारात चूक जगाची आहे, ज्याला उघडे दार दिसले की आत शिरून घाण करावीशी वाटते. माझे तत्त्व चुकले नाही. ते चुकीच्या शतकात वापरले गेले.

सौ. सेजलला आशीर्वाद. कंबरेला निर्गुडीचा पाला बांध.

तुझा काका,
रावजी

ता. क. वरचे पत्र सकाळी लिहिले. दुपारी सारिका आली आणि दोन कागद माझ्यापुढे ठेवून खिडकीबाहेर बघत बसली. (ती खिडकीबाहेर बघते तेव्हा मला जास्त भीती वाटते.) पहिला कागद तक्रारींचा. आपल्या पत्त्यावरून आलेल्या ज्या ज्या पत्रावर लोकांनी 'हे स्पॅम आहे' म्हणून बटण दाबले, त्याचा तपशील. गोळ्या, लॉटरी आणि राजपुत्र मिळून तक्रारी बावीस. दुसऱ्या एकाच प्रकारच्या पत्रावर तेराशे चाळीस. ते पत्र म्हणजे माझे 'प्रभातचिंतन'. गणपतीपासून रोज सकाळी सहा वाजता मी ते तुम्हा तीनशे बारा मुंबईकरांना आणि येथल्या खातेदारांना पाठवतो, बाराशे शब्द, रविवारी दुप्पट. उत्तर कोणाचेच येत नसे. मला वाटे, लोक अंतर्मुख झाले आहेत. खाली नावेही आहेत. पहिले तुझे, पहिल्याच आठवड्यातले, सकाळी सहा वाजून चार मिनिटांचे. दुसरे मंडळाच्या अध्यक्षांचे. सदतिसावे नाव मंजुळा रावजी. मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सकाळी चहाबरोबर तोंडी ऐकतेच हाय. परत लेखी कशाला?"

गोळ्यांचे चोर चार दिवस होते आणि गेले. मी आठ महिने आहे.

आणखी एक. दुसरा कागद तुझ्या फॉर्मचा. त्यात प्रश्न तीनच. उघडे दार बंद केले का? पासवर्ड बदलले का? आणि तिसरा: ज्या पाठवणाऱ्यामुळे तक्रारी आल्या, त्याला या सर्व्हरवरून कायमचे काढून टाकले आहे का? तू माझ्याकडून लेखी का मागतोस हे मला तेव्हा कळले. त्या तिसऱ्या प्रश्नाला मी जागच्या जागी उत्तर लिहिले, अडीच पाने. विचाराला बटणाने मारता येत नाही, इथून सुरुवात होती. सारिका म्हणाली, "सर, तिथं एवढं मावत नाही. होय किंवा नाही, एवढंच."

मी 'नाही' म्हणणार होतो. हे तुला खरे सांगतो, कारण उद्या दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरे.

तेवढ्यात ठकूबाई आली. आज जीप मिळाली नाही म्हणून दुधाच्या टेम्पोतून आली. जिन्यावर बसली, पदराने वारा घेतला. सारिकाने तिला जसे आहे तसे सांगितले, म्हणजे माझी रोजची पत्रे जातात म्हणून तिचा अर्ज अडला आहे. मी मान खाली घालून उभा. वाटले, आता ही शिव्या देईल, आणि दिल्या तर बरे होईल. ती म्हणाली, "रावजी, तुजी भासनं मला कंदी समजली नाय रे. पन मी समद्यांना बसले. म्हनायची, कोन तरी बोलतोय ना आपल्यासाठी." मग म्हणाली, "आता तू गप ऱ्हा. माजा कागद बोलू दे."

तिला पाणी दिले. सारिका तिला टेम्पोपर्यंत सोडायला गेली. मी येथे बसून हे लिहितो आहे.

हे पत्र आपल्या वाडीतला चंदू उद्या सकाळच्या गाडीने आणतो आहे, तुझ्याच हातात द्यायचे आहे हे त्याला बजावले आहे. तुला लेखी हवे होते, ते असे. मी, रावजी गोविंद, करंजकोंड, तुझ्याकडे मागतो: बुधवारी बारा वाजायच्या आत फॉर्म उघड, तिसऱ्या प्रश्नापुढे 'होय' लिही आणि पाठव.